हाकेला ओ

राहायला सांगलीच्या विश्रामबागेत आणि जिवाला विश्राम म्हणून ठाऊक नाही, असं वृषाली मगदूम स्वतःबद्दल हसत हसत सांगायची. पुढं पुढं तिनं तेही सोडलं. विनोद करायलासुद्धा अंगात थोडी रग लागते, आणि वृषालीच्या अंगात ती सकाळी उठतानाच नसायची.

बरं, कामाचा डोंगर होता म्हणावं तर तसंही नाही. तासगाव रस्त्यावरच्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ती मालाची प्रत तपासायची. निम्मं काम घरबसल्या पडद्यावर व्हायचं. घरात भांडी मशीन घासायचं, फरशी मशीन पुसायचं, आणि गेल्या दिवाळीपासून भाकरीसुद्धा मशीनच थापत होतं. खोटं कशाला सांगा, बरी थापत होतं. नवरा अभिनंदन स्वभावानं गरीब. मुलगी शिकायला पुण्याला. घरात म्हातारं माणूस एकच, सासरे भूपालआप्पा. तरी बाईला कुणी विचारावं, "कशी आहेस?" तर उत्तर ठरलेलं: "दमलेय." आणि "कशानं दमलीस?" म्हटलं की तिला सांगता यायचं नाही.

सल्ल्यांना तर काय तोटा! पाणी पीत जा. उन्हात बस. झोपताना फोन बघू नकोस. नाश्ता चुकवू नकोस. तिनं सगळं केलं. फोन निजायच्या खोलीतनं हद्दपार केला. संध्याकाळचा चहा सोडला. सांगलीच्या माणसानं चारचा चहा सोडणं म्हणजे काय, ते सांगलीकरालाच कळेल. रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं, सगळं ठणठणीत. रिपोर्ट बघून अभिनंदन म्हणाला, "बघ, तुला काहीही झालेलं नाही." ह्या एका वाक्यानं ती जेवढी दमली तेवढी आठवडाभरात दमली नव्हती.

त्या वर्षी मिरजेतल्या एका दवाखान्यात 'विसावा' नावाचं मशीन आलं. थकवा मोजणारं आणि थकव्याचं मूळ शोधणारं. मैत्रिणीनं आग्रह केला म्हणून वृषाली गेली. कानामागं टिकलीएवढी चकती चिकटवून काही आठवडे नेहमीसारखं राहायचं, एवढंच करायचं होतं. ती राहिली. मग एका सकाळी डॉक्टर अन्विता साखळकरांनी तिला निकाल ऐकायला बोलावलं. डॉक्टर म्हणजे तिशीतली मुलगी, पुण्याची, बोलायला गोड.

"वृषालीताई, मेंदूच्या देठात निळसर पेशींचा एक ठिपका असतो," डॉक्टर सांगू लागली. "तांदळाच्या दाण्याएवढा म्हणा ना. जागं राहणं, सावध होणं, कान टवकारणं, हे सगळं त्याच्याकडे. काम आलं की त्यानं पेटायचं, काम झालं की मंद व्हायचं. आपण समजतो, माणूस काम करून दमतं. कामानं आलेला शीण झोपेत धुऊन निघतो. न निघणारा थकवा वेगळा. तो ह्या ठिपक्याचा. काही माणसांत तो मंद व्हायचं विसरतो. गॅसवर भांडं नाही, पण बर्नर बारीक करून ठेवलाय, तसं."

"आणि माझा तसा आहे?"

"तुमचा तर झोपेतही तेवत असतो. कशानं, ते मशीननं शोधलंय. चहा, फोन, अवेळी जेवणं, ह्या सवयींचा वाटा आहे, पण किरकोळ. मोठा वाटा एकाच सवयीचा आहे आणि मला तिचा अर्थच लागत नाहीये. तुम्ही दिवसभर एक अक्षर बोलता."

डॉक्टरनं आवाज लावला. वृषालीचाच आवाज, ठिकठिकाणचा. "ओ." "ओऽ." "ओ, आले." "ओ आप्पा." "ओ, थांबा, हात पिठाचे आहेत." "ओऽऽ."

वृषालीला हसू फुटलं. "अहो, ही ओ आहे!"

"मशीननं 'निरर्थक उद्गार' म्हटलंय."

"निरर्थक कशी? हाक मारल्यावर ओ द्यायला नको? तुम्ही नाही देत?"

डॉक्टर जरा ओशाळली. "आमच्या घरी कुणी हाकच मारत नाही. ह्या खोलीतून त्या खोलीत मेसेज करतात."

आता ह्यावर काय बोलणार? जयसिंगपूरला वृषालीच्या माहेरी, हाकेला पहिल्या खेपेला ओ दिली नाही तर आई लाटणं घेऊन दारात यायची. "कानात बोळे घातलेत काय गं? ओ द्यायला जीभ झिजते?" मुलीला चालणं-बोलणं शिकवावं तशी ओ शिकवलेली. सासरी आल्यावर ती अंगवळणी पडली म्हणण्यापेक्षा अंगच तिच्या वळणाचं झालं. सासूबाई, म्हणजे सुमतीआई, होत्या तोवर आप्पांची हाक त्यांना जायची. त्या गेल्या, आणि दहाव्याच्या आधीच हाक वृषालीकडे वळली. कुणी ठरवलं नाही की कुणी विचारलं नाही.

"ओ देण्यानं तुम्ही दमत नाही," डॉक्टर म्हणाली. "उलट ओ दिली की ठिपका तेवढ्यापुरता शांत होतो. दमवतं ते मधलं. एक हाक संपल्यापासून दुसरी येईपर्यंतचं. तुम्ही सारखं कशासाठी तरी कान लावून असता. कुणाच्या हाकेसाठी?"

"आप्पांच्या," वृषालीच्या तोंडून गेलं. ते खरं होतं, आणि इतकी वर्षं तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

आप्पा हायस्कूलला पी.टी. शिकवायचे. त्यांनी "सावधान!" म्हटलं की मैदानावरची पोरंच काय, कुंपणाबाहेरचा शेंगदाणेवालाही ताठ व्हायचा म्हणतात. त्या आप्पांना कंपवातानं धरलं, आणि कंपवात नुसते हात हलवत नाही, आवाजही खातो. आता त्यांची हाक म्हणजे दाराखालनं सरकवलेला कागद. म्हणून वृषाली अंघोळीला गेली की मध्येच नळ बंद करून ऐकायची. मिक्सर लावायची तो टप्प्याटप्प्यानं. कुकरची शिटी गेली की त्या आवाजाखाली हाक दबली असेल म्हणून एकदा डोकावून यायची. आणि ह्या सगळ्याला काम म्हणतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"काढता येईल," डॉक्टर म्हणाली. "सवय म्हणजे मेंदूत खोलवर पडलेली पायवाट असते. इतक्या वेळा तुडवलेली, की पाय आपोआप तिकडे वळतात, ठरवावं लागत नाही. डोक्यावर टोपी घालतो, तीतून ध्वनिलहरी नेमक्या त्या वाटेवर सोडतो. सवय जागी होते त्याच क्षणी वाट थोडी मऊ करायची, पुन्हा थोडी. हळूहळू वाटेवर गवत उगवतं. ऐकू येणं जात नाही, माया जात नाही. हाक आली हे कळेल. फक्त उठायचं की नाही, ते तुम्ही ठरवायचं."

"एवढंच ना? मग ठरवीन की." मग वृषालीला गंमत सुचली. "फक्त आमच्या ह्यांच्या हाकेपुरती नाही का काढता येणार? आप्पांची राहू दे."

डॉक्टरही हसली. "वाट एकच आहे, ताई. तीवरनं कोण येतंय ते वाटेला कळत नाही."

वृषाली घरी आली आणि तिनं आप्पांना सगळं सांगून टाकलं. त्यांच्यापासून लपवून करायचं तिच्या मनाला पटेना. आप्पा खुर्चीत बसून ऐकत होते, मांडीवरचा हात थरथरत होता. ऐकून झाल्यावर म्हणाले, "काढून टाक की मग. त्यात विचारायचं काय? मी दोनदा हाक मारीन."

अभिनंदननं ह्या निमित्तानं वडिलांसाठी एक बटण आणलं, मनगटाला बांधायचं. दाबलं की वृषालीच्या घड्याळावर घंटी. आप्पांनी ते हातात धरून उलटंसुलटं पाहिलं आणि परत दिलं. "घंटी शिपायाला वाजवतात, बाळ. घरातल्या माणसाला हाक मारतात." नोकरीभर शाळेच्या शिपायालाही त्यांनी नावानंच बोलावलं होतं, त्यामुळं पुढं वाद घालण्यात अर्थ नव्हता.

उपचार म्हणजे काहीच नाही. टोपी घालून आरामखुर्चीत बसायचं, आणि घरातल्या हाका ऐकायच्या, रेकॉर्ड केलेल्या. पहिल्या दिवशी प्रत्येक हाकेला वृषालीचे ओठ गोल व्हायचे, पाय जमीन शोधायचे. नंतर नुसते ओठ. शेवटी शेवटी तेही नाही. शेवटच्या बैठकीनंतर विनाचालकाच्या रिक्षात बसून ती परत निघाली आणि मिरज सोडायच्या आत तिला झोप लागली. रिक्षा घराखाली येऊन कितीतरी वेळ नम्रपणे विनवत राहिली: आपलं ठिकाण आलं आहे, आपलं ठिकाण आलं आहे.

पुढचे दिवस काय वर्णावेत! वृषाली दुपारची झोपायला लागली. नळ धो धो सोडून अंघोळ करायला लागली. बऱ्याच वर्षांनी अंघोळ करताना गाणं म्हटलं, तेही चुकीचं आणि मोठ्यानं. तोंडावर तुकतुकी आली. स्टोरेजमधल्या बायका विचारू लागल्या, "काय लावतेस?"

अभिनंदनचं मात्र पानिपत झालं.

"वृषाली, माझा चष्मा कुठंय?"

हाक स्वयंपाकघरात पोचली. वृषालीनं ऐकली. ह्यांचा चष्मा हरवलाय, असं तिच्या मनात आलं, शेजारच्या बिल्डिंगमधली बातमी कळावी तसं. ती कांदा चिरत राहिली.

"वृषाली! अगं वृषाली!" शेवटी तो स्वतःच दारात आला. "ऐकू येत नाही का?"

"येतं की."

"मग?"

"मग काय? चष्मा शोधताय ना तुम्ही? शोधा की."

तो बघतच राहिला. चष्मा त्याच्या खिशात होता, ही गोष्ट वेगळी. ही हकिकत आप्पांना कळली तेव्हा ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "बरी जिरली त्याची," म्हणाले. "तुझ्या तोंडावर तेज आलंय बघ, पोरी. आधीच करायचं होतंस."

आप्पांच्या हाकेला ती जायची. अगदी नेमानं जायची. हाक आली की स्वतःला सांगायची: आप्पा बोलावतायत, उठ. आणि उठायची. तिला ह्याचा थोडा अभिमानही वाटायचा, की आता मी सवयीनं नाही, मनानं उठते. पण ठरवून करायच्या कामाची एक खोड असते. ते आज करता येतं, तसं जरा वेळानंही करता येतं. हातातलं एवढं होऊ दे, मग जाऊ. हे पान वाचून होऊ दे. आप्पा दुसऱ्यांदा हाक मारायचे, कबूल केल्याप्रमाणं. मग तिसऱ्यांदाही. तिसऱ्या हाकेला ती गेली की तेच म्हणायचे, "तुझं काम मोडलं काय गं?"

एके दिवशी दुपारी ती ओट्याशी बसून कोथिंबीर निवडत होती. जुडी मोठी होती, ताजी होती, वास सुटला होता. खिडकीतनं ऊन आलेलं.

"वृषाली."

आप्पा हाक मारतायत, तिला कळलं. तिनं एक काडी मोडली, पानं एका बाजूला, देठ एका बाजूला.

"वृषाली, बाळ."

तिला आवाज स्वच्छ ऐकू आला. आवाजात घाई आहे, हेसुद्धा समजलं. आता उठायला हवं, असा विचारही आला, आणि तो विचार समोरनं रस्त्यानं जाणाऱ्या माणसासारखा गेला. कुठं काही हललं नाही. तिनं पुढची काडी घेतली.

"अगं पोरी..."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज, मग मोठा धप्प आवाज.

तेव्हा ती धावली. पडल्याच्या आवाजाला धावायची सवय कुणी काढली नव्हती. आप्पा पलंग आणि दाराच्या मध्ये आडवे पडले होते, डावं मनगट अंगाखाली. त्यांना संडासला जायचं होतं, आणि आता जायची गरज उरली नव्हती. सगळ्या शाळेला ताठ उभं राहायला शिकवलेला माणूस लेंगा ओला करून जमिनीवर पडला होता आणि सुनेकडं बघायचं टाळत होता. वृषालीनं त्यांना पुसलं, कपडे बदलले, उचलून बसवलं, हे सगळं न बोलता केलं.

मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर घालून घरी आणल्यावर अभिनंदननं विचारलं, "आप्पा, हाक नाही मारलीत का?"

"नाही मारली," आप्पा म्हणाले. "म्हटलं जमेल आपलं आपल्याला."

वृषाली पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. आप्पा तिच्यासाठी खोटं बोलले होते, आणि इतकं सहज, की तिला वाटलं ह्यापेक्षा त्यांनी चार माणसांत शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. स्वयंपाकघरात जाऊन तिनं नवऱ्याला खरं सांगितलं.

"म्हणजे हाक मारली होती?"

"तीनदा."

"तुला ऐकू आली नाही?"

"आली. स्पष्ट आली."

 अभिनंदनला राग येत नव्हता, तो घाबरला होता. "मग ऐकून बसून राहिलीस?"

"बसून नाही राहिले हो. कसं सांगू तुम्हाला? बसून राहायचं असं मी काही ठरवलं नाही. उठणं आलंच नाही."

दुसऱ्या दिवशी दोघंही मिरजेला गेले. डॉक्टर साखळकरांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा त्यांचा चेहरा डॉक्टरचा न राहता मुलीचा झाला. मशीननं ती वाट काय म्हणून ओळखली होती आणि ती प्रत्यक्षात काय होती, ह्यातलं अंतर त्यांना आता कळत होतं. कळून उपयोग नव्हता.

"परत घाला," वृषाली म्हणाली. "मला नको हे. मी दमते, मला चालेल."

"घालता येत नाही, ताई. मशीनला वाट पुसता येते, पाडता येत नाही. वाट चालूनच पडते. आधी पडली होती तशीच."

"म्हणजे?"

"खरी हाक आली पाहिजे, ध्यानीमनी नसताना, आणि तुम्ही गेलं पाहिजे. पुन्हा, पुन्हा. कित्येक महिने. सुरुवातीला ठरवूनच जावं लागेल. पण जात राहिलात तर परत येईल, मला वाटतं." मग तिनं विचारलं, "आप्पा मारतात ना हाक?"

नवरा-बायकोनं एकमेकांकडं पाहिलं. त्या पडण्यानंतर आप्पांनी हाक मारली नव्हती.

"तसं असेल तर अवघड आहे," डॉक्टर हळूच म्हणाली. "हाक मारणं हीही सवयच आहे. ओ मिळते म्हणून ती टिकते. ओ मिळेनाशी झाली की ती आपोआप विझते. तिला आमचं मशीन लागत नाही."

घरी परतल्यावर अभिनंदननं आप्पांच्या गादीखाली सेन्सर बसवून घेतला. आप्पांना तहान लागली, कूस बदलायची झाली, जायचं असलं, तर त्यांच्या हालचालीवरनं गादीलाच कळायचं आणि वृषालीच्या घड्याळात एक बाई बोलायची: आप्पांना आपली मदत हवी आहे. घड्याळ थांबत नसे, तेव्हा वृषालीला जावंच लागे. आप्पांची कसलीही आबाळ झाली नाही, हे सांगायला हवं. कपडे कोरडे, पाणी हाताशी, औषधं वेळेवर. पण ती खोलीत शिरली की ते दचकायचे. म्हणायचे, "मी नव्हतं बोलावलं."

"गादीनं बोलावलं, आप्पा."

"बरं, बरं," म्हणायचे, आणि गादीच्या वतीनं माफी मागितल्यासारखं हसायचे.

वृषालीनं विनवण्या केल्या. "आप्पा, काही लागलं की हाक मारत जा की. मी येते. खरंच येते."

"लागलं तर मारीन की."

"काल तहान लागली होती तुम्हाला. ओठ वाळले होते."

"एवढ्याशा तहानेसाठी कशाला?"

ती दाराबाहेर कान लावून उभी राहायची, कामं टाकून. आधी सवयीनं कान लागायचा, आता तो हातानं धरून लावावा लागायचा आणि दोन मिनिटांत घसरायचा. ती दमायचीसुद्धा नाही. तिला दमायचं होतं! जुना तो थकवा, पायाच्या पोटऱ्यांतला, डोळ्यांमागचा, तो पुन्हा यावा म्हणून ती वाट बघायची, आणि रात्री उशीला डोकं टेकलं की मेल्यासारखी झोपायची.

एकदा तिनं हट्टच धरला. आप्पांच्या पुढ्यात स्टूल ओढून बसली. "आप्पा, मारा बघू हाक. मी ओ देते. रोज थोडा सराव करू आपण."

सराव म्हटल्यावर मास्तर जागे झाले. त्यांनी घसा साफ केला. "वृषाली."

"ओ."

"वृषाली."

"ओ, आप्पा."

"वृषाली."

"ओ."

शाळेच्या गॅदरिंगमधल्या नाटकासारखं वाटायला लागलं. आप्पांना हसू आलं. वृषाली हसायला गेली आणि रडायला लागली. आप्पांनी प्लास्टरचा हात तिच्या डोक्यावर ठेवला, तो थरथरत होता आणि जड होता.

"पोरी, हाक काय अशी मारतात होय? ती आपली आतनं येते. तोंडातनं पडल्यावर आपल्याला कळतं की आपण हाक मारली." मग म्हणाले, "मी तुझ्यावर रुसून मारत नाही असं समजू नकोस. मारायची म्हणतो कधी कधी. येतच नाही."

तिला हे अक्षर न् अक्षर समजलं. घरात दुसऱ्या कुणाला समजलं नसतं. सासरे-सून दोघं समोरासमोर बसून होते, दोघांच्याही मनात काही वाकडं नव्हतं, आणि दोघांनाही काही करता येत नव्हतं.

मग एका रविवारी सकाळी अभिनंदन बाजारात गेला होता. गादी त्या दिवशी गप्प होती. वृषाली गॅलरीत कपडे वाळत घालत होती, तोच आप्पांच्या खोलीतनं आवाज आला. तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. आप्पा हाक मारत होते! आवाज नेहमीसारखा कागदी नव्हता, भरलेला होता. आणि किती मोकळा! वृषालीनं स्वतःला बजावलं, जा, आत्ता जा, आणि पायांना अक्षरशः ढकलत ती निघाली. बैठक ओलांडेपर्यंत तिला शब्द ऐकू आले नाहीत, नुसता सूर ऐकू आला. आनंदानं तिचा ऊर भरून आला होता. दाराच्या चौकटीत उभी राहून ती म्हणाली,

"ओ, आप्पा!"

आप्पांनी मान वळवली. तिला बघून त्यांचा चेहरा पडला, मग त्यांनी तो सावरला.

"तुला नव्हे गं," ते म्हणाले.

"मग?"

"सुमतीला मारली."

 वृषाली जवळ गेली, पलंगाशी वाकली, लहान मुलाशी बोलतात तशा आवाजात म्हणाली, "आप्पा, आईंना जाऊन किती वर्षं झाली. विसरलात?"

"मी म्हातारा झालोय, खुळा नाही झालो," आप्पा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "ती गेली हे मला ठाऊक आहे. म्हणून तर बरं पडतं. ती का ओ देत नाही, ते तरी मला माहीत आहे."

वृषाली उभी राहिली. चादर सरळ होती तरी तिनं ती सरळ केली. पाण्याचा पेला भरलेला होता तरी त्यात पाणी ओतलं.

"तू जा," आप्पा मायेनं म्हणाले. "उन्हात उभी होतीस ना? पड जा जरा."

ती आपल्या खोलीत आली, दार लोटलं आणि पलंगावर आडवी झाली. आता रडू येईल म्हणून तिनं उशी तोंडाशी घेतली. पलीकडच्या खोलीतनं आप्पा पुन्हा सुमतीआईंना हाका मारत होते, अगदी निवांत, कसली घाई नसल्यासारख्या. वृषालीला एकेक हाक स्वच्छ ऐकू येत होती. तिसरी की चौथी हाक पुरी व्हायच्या आत तिला झोप लागली, आणि अभिनंदन पिशव्या घेऊन आला तरी ती उठली नाही.